उजवीकडची सीट

जाहिरात मी लिहिली, अण्णा सांगत गेले.
शेव्हरोलेट, एकोणीसशे सत्तावन्न.
टप उघडतो, आपला आपण उघडतो,
बटण दाबायचं आणि वीस मोजायचे.
रंग पिस्ता. नको, पिस्ता नको लिहू,
कच्ची कैरी कापल्यावर आतून दिसते ना, तो.
मी पिस्ता लिहिलं.

कागद सगळे आहेत. चाव्या दोन्ही आहेत.
स्टिअरिंग डावीकडे.
"हे लिहायलाच पाहिजे काय?"
पाहिजे, मी म्हटलं.

मिरजेहून मायदेशी निघालेल्या एका डॉक्टराकडून
हरिपुरातल्या दोन पेवांची हळद विकून त्यांनी ती घेतली
आणि घरात एक माणूस वाढलं.
रविवारी त्याला अंघोळ,
पावसाळ्यात सीटखाली कडुनिंबाचा पाला,
आणि आम्हा तिघांना ताकीद:
भडंग खायचं ते खाली उतरून.
पुराच्या वेळी ती आधी विश्रामबागेला गेली,
उंचावर, चुलत्यांच्या कार्यालयाच्या मांडवात.
आम्ही मागनं गेलो, रिक्षानं.

डाव्या हाताच्या गाडीत चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही.
ट्रकच्या मागे असलं की ट्रकच दिसतो.
म्हणून उजवीकडे आई.
पदर दातात धरून कडेला वाकायची,
"थांबा. थांबा हो. एस्टी आहे. अजून एक आहे...
हं. घाला."
त्या एका 'घाला'वर अण्णांनी बेळगाव केलं,
बाहुबलीचा डोंगर केला, रात्रीचा कराड रस्ता केला.
आईला साधी सायकल येत नव्हती.

ती गेल्यावर अण्णांनी कुणालाच मागं टाकलं नाही.
माधवनगरपासून मार्केट यार्डापर्यंत
उसाच्या ट्रॉलीमागं, तिच्याच चालीनं,
बॉनेटवर पाचट पडत राहायचं.
"मला कुठं घाई आहे?"
आम्हाला वाटलं, वय झालं.

चौबळ पुण्याहून आले, खिशात चुंबक घेऊन.
दाराला लावला, मडगार्डला लावला,
खाली उताणे झोपून पोटालाही लावला.
सगळीकडे चिकटला.
अण्णा शेजारी उभे, पोरीला बघायला आल्यासारखे गप्प.
मग रेडिओपाशी चौबळ थांबले.
"हे बटण ओरिजिनल नाही."
"नाही. सतारीची खुंटी आहे ती,
मिरजेत दस्तगीरनं बसवली.
ओरिजिनलपेक्षा चांगली आहे."

चालवून बघायला हरिपूर रस्ता.
चौबळ डावीकडे. मी मागे.
अण्णा उजवीकडे बसले,
चौपन्न वर्षांत पहिल्यांदा,
पाय कुठं ठेवायचे ते कळेना त्यांना.
टप उघडा, वर चिंचा,
पुढे ट्रॉली.
चौबळ घुटमळले. "मला काही दिसत नाहीये."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली,
कडेला वाकले,
"थांबा. थांबा हो."
तो 'हो' अण्णांचा नव्हता.
आयुष्यात कुणाला 'हो' म्हणून थांबवणारा माणूसच नव्हे तो.
"सायकलवाला आहे. जाऊ दे त्याला...
हं. घाला."

गाडी सुटली.
पाचट मागं उडालं, माझ्या केसात अडकलं.
संगमापर्यंत तिघांपैकी कुणी बोललं नाही.

भाव ठरताना अण्णांनीच पन्नास हजार सोडले,
कुणी मागितले नसताना.
खुंटी काढून घ्या, चौबळ म्हणाले.
राहू दे, अण्णा म्हणाले, तिला सवय आहे.
ट्रेलरवर ती उलटी चढवली,
म्हणजे जाताना तोंड आमच्याकडे.

बँकेतून परतताना रिक्षा.
अण्णा सरकत सरकत उजव्या टोकाला गेले.
पुढे दुधाचा टेम्पो,
रिक्षावाला त्याच्यामागं निवांत, गुटखा चघळत.
अण्णा बाहेर वाकले.
"मोकळं आहे," म्हणाले, हळूच.
रिक्षावाल्याला ऐकू गेलं नाही.