चारशेचार

म्हापशाचा शुक्रवार. खाली चणेकार, चोरीसवाल्या बाया,
वर हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत
मी आणि सेल्सा
दुवे गोळा करत होतो.
दीडशे दुवे, पंचेचाळीस दिवस.
गिऱ्हाईक: म्हाबळू शेट, खाजेकार,
तीन पिढ्या जत्रेत मांडव, आता वेबसाइट.
‘गोव्याचं खाजं’ शोधलं की चौथ्या पानावर सापडते,
म्हणजे सापडत नाही.

शेटना समजावलं: आपलं नाव दुसऱ्यांनी घ्यायचं असतं.
जेवढी वजनदार माणसं घेतील तेवढे आपण वर.
‘पंचायतीसारखं,’ म्हणाले.
हो, तसंच.
‘मग एकेकाला किती द्यायचे?’

शेटीणबाईंना दुवा म्हणजे आशीर्वाद वाटला.
‘दीडशे जणांची दुवा? विकत?’
मी म्हटलं, तो दुवा वेगळा, पुल्लिंगी.

तक्ता भरत गेला.
पुण्याची एक खवय्यी: आधी दोन किलो पाठवा, मग बघू.
दिल्लीचा एक: पन्नास दुवे नऊ हजारांत,
आरोग्य, शिक्षण, कॅसिनो, म्हणाल ते.
सेल्साने कॅसिनो खोडलं. मांडवीकाठी राहून!
लिस्बनची एक बाई, आडनाव आपल्यातलंच,
दुव्याबद्दल चकार शब्द नाही,
विचारते, पोस्टाने खाजं मऊ पडतं का.

सगळ्यांत स्वस्त युक्ती सेल्साची:
मेलेल्या साइट हुडकायच्या.
कुणाच्या तरी पानावर त्यांचं नाव अजून निळं असतं,
दाबलं की पांढरं. चारशेचार.
मग अदबीने लिहायचं,
तुमचा अमुक दुवा तुटलाय, दिसला म्हणून कळवते,
त्या जागी आमचा ठेवाल का?
असे तेवीस मिळाले.
कुणी दुकान मोडलं होतं,
कुणी नावाचं भाडं भरायला विसरलं होतं.

चोविसावं पान डिचोलीच्या एका निवृत्त मास्तरांचं,
तालुकावार जत्रा, तिथीसकट.
शिरगांवच्या खाली: खाजं घ्यावं तर
भानुदास कुंडईकर यांचं.
दाबलं. पांढरं.
मास्तरांचा होकार तासाभरात आला.

शेट खूश होतील म्हणून फोन लावला.
मागे कढईत झारा फिरत होता.
‘भानू?’
मग नुसताच झारा.
‘चाळीस वर्षं माझ्या समोर बसला.
आलं जास्त घालायचा. माझं गिऱ्हाईक
हाताला धरून ओढायचा, हरामखोर.
सुटे पैसे संपले की मात्र
मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे.
ती साइट मस्कतच्या भाच्याने काढून दिलेली ना?’

मी म्हटलं, शेट, आता तिथे काही नाही.
दाबणाऱ्याला कोरं पान मिळतं.
‘ठाऊक आहे, बाय.
जत्रेतसुद्धा त्याची जागा कोरीच आहे,
अजून कुणी पाट मांडलेला नाही.
ताचें तें आसूं दी.’

मास्तरांना लिहिलं, राहू द्या.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
तक्त्यातली ओळ मी लाल केली,
कारणाच्या रकान्यात काय घालावं सुचेना,
सेल्साने घातलं: गिऱ्हाईक नको म्हणालं.

शेवटी अकरावे आलो,
म्हणजे दुसऱ्या पानाचं पहिलं,
म्हणजे दारापर्यंत.
बिलातले हजार कापून घेतील या तयारीने सांगितलं.
शेट काही वेळ मोजत राहिले असावेत.
‘अकरावा,’ म्हणाले.
‘आणि भानू कितवा?’