अर्थिंग

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागे,
मढवींच्या वजनकाट्याला लागून
माझी गाडी उभी आहे. उभी म्हणजे, विटांवर.
एके काळी हिच्यात नट्या बसायच्या.
मालिका बंद पडली, निर्मात्यानं हात वर केले
आणि आठ महिन्यांच्या पगाराऐवजी
ही व्हॅनिटी माझ्या गळ्यात बांधली.
मी केस करायची तिथं. अंबाडे, बटा,
कथा वीस वर्षं पुढे उडाली की
एका दुपारीत करडे.

आरशाभोवती बारा दिवे. पेटतात चार.
चारांत मला माझा डावा गाल दिसतो.
इंडक्शन लावलं की पंखा दम खातो,
पंखा लावला की फोन अर्ध्यावर अडतो.
तिन्ही एकदम लावायचं धाडस एकदाच केलं
तेव्हा काट्यावरचा कॉम्प्युटरही गेला,
आणि सळयांनी भरलेला ट्रेलर
वजनावाचून तासभर आडवा.
मढवींची सून त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.
बोलली असती तर बरं.

पण खरी भीती दाराची.
न्हाऊन अनवाणी आले, कडीला हात लावला
की झिणझिण्या, पार कोपरापर्यंत.
कडीला रुमाल गुंडाळला,
दूधवाल्याला सांगून ठेवलं,
हाक मार, हात लावू नको.

रविवारी युनूस आला. ट्रकांचा वायरमन.
"घरातली कामं मी घेत नाही."
"ही गाडी आहे," मी म्हटलं.
त्यानं विटांकडे पाहिलं. "ही धड दोन्ही नाही."
तरी आला. चप्पल काढली नाही,
का ते मला कळलं.

प्लायवूड उघडलं तर आत एकोणीस वर्षांचे जोड.
"हा घाईतला. हा शिकाऊ पोराचा.
ह्यानं तार दातानं सोललीय, बघा.
आणि हा मात्र... तीन पीळ, वर टेप, टेपवर दोरा.
ह्याला पगार वेळेवर मिळत असणार."
मी हसले. तोवर तो गप्प झाला होता.

फ्यूजच्या जागी केसाची पिन.
काळी, लाटांची, एक पाय चपटा.
मी पिना दातानं उघडते. दात माझे होते.

कुठल्या तरी रात्री, सीन अडू नये म्हणून
कुणीतरी, रघुवीर ड्रायव्हरच असेल,
"ताई, एक पिन" म्हणाला असेल,
आणि कुणाचा तरी अंबाडा एका हाती आवरत
मी मागे न बघता दिली असेल.

"फ्यूजचं काम काय, तर वेळेवर वितळणं,"
पिन खिडकीच्या उजेडात धरून युनूस म्हणाला.
"ही वितळत नाही. मग हिच्याऐवजी बाकीचं जळतं."
मी चहा टाकायला उठले.
आठ महिने मी रोज सातच्या ठोक्याला हजर होते,
एकदाही आवाज न चढवता.

मग त्यानं बाहेर खड्डा घेतला,
कोळसा, खडेमीठ, तांब्याची कांब.
"गाडीला अर्थच नव्हता हो.
आता आहे, पण रोज तांब्याभर पाणी घाला.
सुकला की गेला."
पैसे त्यानं नेमके सांगितले, चहाचे वजा न करता.

संध्याकाळी रुमाल सोडला. ओल्या पायानं उतरले,
कडी धरली. काहीच नाही.
दुसऱ्या हातानं धरली.
मग उगाच थोडा वेळ धरूनच राहिले.

सकाळी कांबेला पाणी घालताना
मढवींची सून काट्यावरून ओरडली,
"लोखंडाला पानी घालतेस गो? काय उगवनार?"
"तांबं आहे," मी म्हटलं.
"मग तर काहीच नाय," म्हणाली, आणि आत गेली.

फ्यूज आता महिन्यातून दोनदा जातो. जाऊ दे.
पिनांच्या डब्यात मी सहा ठेवलेत.

आज उठायला उशीर झाला.
तांब्या घेऊन बाहेर आले
तर कांबेभोवतीची माती
आधीच ओली.