पाणसळ

रुवीच्या या खोलीत चौथा दिवस पालथा पडून आहे.
डॉक्टरीणबाई म्हणाली, दहा दिवस तोंड खाली,
जेवताना, झोपताना, देवाचं नाव घेतानासुद्धा.
सुटलेला पडदा गॅसच्या बुडबुड्याने
मागे दाबून धरायचा,
आपण टाइलवर वजन ठेवतो तसा,
माल धरेपर्यंत.

सव्वीस वर्षं बुडबुड्याकडे बघून पोट भरलं.
पाणसळीच्या दोन रेघांत तो थांबला
की फरशी सरळ.
आता तोच डोळ्यात शिरलाय
आणि मला म्हणतो, हलू नकोस.

माणसं पायांवरून ओळखतो.
शाजीच्या टाचेला भेग.
फोरमनचे बूट उंबऱ्यातच थबकतात.
परकारमामू शेजारी नमाज पढतात,
त्यांचं कपाळ टेकतं तेव्हा क्षणभर
आम्ही दोघं एका उंचीवर.
मग ते उठतात.

पाचव्या रात्री दिव्याभोवती रंगीत कडं आलं.
भुवईत खिळा. उलटी.
डोळ्यातलं प्रेशर चढलं होतं.
टॅक्सीत मामूंनी माझी मान
खालीच धरून ठेवली, थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत,
बकरा नेतात तशी, पण किती हळू.
आता गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात,
सोड्याला गंजक्या नळाची चव.
पिवळ्या झाकणाची बाटली दोनदा,
पांढऱ्या झाकणाची सहादा,
गजर शाजीच्या मोबाइलवर.

मनगटावर हिरवा पट्टा: विमानात बसू नये.
वर गेलं की गॅस फुगतो
आणि डोळा जातो.
तिकीट चौदा तारखेचं होतं.
देवरुखला माझ्याच घरात
अजून नुसता कोबा.
सुगंधा व्हिडिओवर विचारते, मग रंग कुठला घेऊ?
थांब, म्हणतो, दोन्ही डोळ्यांनी बघून सांगतो.
तिला माझं फक्त टक्कल दिसतं.
तेवढ्यावरही ती हसते, मग हसत नाही.

बुडबुडा रोज थोडा उतरला.
आधी तळ्याचा काठ, मग वाटाणा,
मग मोहरी,
आणि एका सकाळी
मी त्याला शोधत बसलो.

कात्रीने पट्टा कापला.
दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते.
बाई म्हणाली, कदाचित तशीच राहील.
पुढे मोतीबिंदू येईल, तो काढता येतो.
हे वाकणं नाही.

मामूंनी कोपऱ्यातली पाणसळ आणून दिली.
चौकटीला लावली.
बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे.
डोळा म्हणतो, नाही.

मी डोळे मिटले
आणि लाकडावरून अंगठा फिरवत गेलो,
वरून खाली,
पुन्हा एकदा.