मागचं टोक

उद्यमबागेत सकाळी साडेसातला
लोखंड माणसापेक्षा गार असतं.
मी आधी लेथ रिकामीच फिरवते,
वीस मिनिटं, बेअरिंगला ऊब येईस्तोवर.
गुरुसिद्ध शेठ वर्षभर म्हणत होते, करंट फुकट जातो.
आता म्हणत नाहीत.

आज बॅरल आली,
तवनाप्पा मास्तरांच्या रायफल क्लबची,
बावीस बोअर, कागदी वर्तुळं भेदायची.
लायसन्सचे कागद शेठनी दोनदा वाचले,
एकदा इंग्रजीत, एकदा कन्नडात,
आणि नळी माझ्या हातात देताना मराठीत म्हणाले,
"बघ, पोरींच्या टीमची आहे."

मागं कुणीतरी ती तीन जबड्यांत धरली होती.
तीन जबडे एकाच चावीनं मिटतात,
शिस्तीत, एकदम,
आणि चुकतातही एकदम.
बाहेरनं गोल दिसलं की त्यांचं काम झालं.
खरं लांब ड्रिल लोखंडातनं जाताना
केसभर वाट सोडतंच,
आणि भोकाचं केंद्र
बाहेरच्या गोलाला न विचारता
कुठंतरी बाजूला राहायला जातं.

म्हणून चार जबडे, ज्याचा त्याचा स्क्रू.
जबड्यांखाली तांब्याच्या तारेचे तुकडे,
नळीला मान हलवायला जागा पाहिजे.
स्पिंडलच्या मागच्या टोकाला आणखी चार बोल्ट.
पुढनं धरायची, मागनं समजूत काढायची.

डायलची सोंड भोकात घातली, चक हातानं फिरवला.
काटा बारा थाउ गेला
आणि तितक्याच बेफिकिरीनं परत आला.

"आधी समोरचा सैल कर, मग हा आवळ.
दोघांनी एकदम दाबलं तर नळी पिचते
आणि काटा तिथंच ऱ्हातो."
सुळग्याचे मोनाप्पा मेस्त्री.
दिवसभरात त्यांचा एकच शब्द: सावकाश.
शेजारच्या मशीनवरच्या बसलिंगलाही तेच, सावकाश,
आणि बसलिंगच्या आईचाही तोच शब्द होता,
दूध उतू जाताना, पोरगं पळताना.
कुणाच्या भाषेतला, हे कुणी काढलं नाही.
काढायला वेळ कुठं होता, बारा थाउ होते.

सात.
सात.
चार.
मागचा बोल्ट पाव आटा फिरवला, पुढं परत नऊ.
लाइट गेली. डबा खाल्ला.
लाइट आली, पाच.

शेठ येऊन मशीनखाली वाकून बघितले.
"काय करूलालीस सकाळधरनं? बुरादा चिमूटभर नाही."
"धरूलालो," मी म्हटलं.
ते उभे राहिले थोडा वेळ,
चश्मा पुसून काट्याकडं बघितलं,
आणि फोन आल्यासारखं करून गेले.

तीन चाळीसला काटा
झोपलेल्या पोराच्या पोटाएवढा हलत होता,
अर्धा थाउ, त्याहून कमी नाही.
मग आटे पाडले. पंचवीस मिनिटं.
रीमर घातला, काढला, पुसला, तेल, परत घातला.
लोखंड काहीच बोललं नाही.
ते बोललं नाही की बरं असतं.
शेठनी बिल केलं: थ्रेडिंग, चेंबरिंग.
धरण्याला बिलात रकाना नाही.

नळी चकातच ठेवून सहाच्या बसनं सुळग्याला गेले.
मेस्त्री कट्ट्यावर होते. आता त्यांचा हात थरथरतो,
चहा बशीत पडतो, मग ते बशीतूनच पितात.
"कितीवर आणलीस?"
"अर्धा."
त्यांनी मान हलवली, का तीही थरथरच होती.
बशी खाली ठेवली.
"आणि कापल्यावर मागचं टोक परत बघितलंस?"

रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला, आणखी एक गेला.
मी तारेचे उरलेले तुकडे
ओढणीच्या गाठीत चाचपत बसले.

सकाळी शेठच्या आधी शटर उघडलं.
आज लेथ रिकामी फिरवायची सोय नव्हती.
तशीच, गार,
डायल घेऊन
मशीनच्या मागं गेले.