तिसरी पायरी

दुपारी दोन-चाळीसची भरती, दूधवाला सांगून गेला,
आणि वरून हा पाऊस, नवव्या दिवशीही न दमलेला.
खाडीत जागा उरली नाही की नाला
उलटा चालत घणसोलीत येतो, आमच्या गल्लीत,
ओळखीच्या पाहुण्यासारखा,
चपला न काढता.

जिन्याखालचं खुराडं उचललं तेव्हा
पहिली पायरी गेली होती.
आता तिसरीवर बसलोय, मी आणि चार कोंबड्या.
पाण्याचा मीटर आमच्या खाली बुडबुडतोय.

मिरी, चांदी, लंगडी, आणि जिला नाव नाही ती.
नावं सुगंधाने ठेवली. कोंबड्याही तिच्याच.
मी सत्तावीस वर्षं महाप्याच्या काच कारखान्यात,
भट्टीसमोर, तीन पाळ्यांत;
घरी येऊन झोपायचो, आणि अंडं घालून
एखादीने गाव डोक्यावर घेतलं
की उशी फेकायचो.
कारखाना गेला. तिथे आता खिडक्या नसलेली इमारत आहे,
आत म्हणे नुसते सर्व्हर, त्यांना गार ठेवावं लागतं.
माझी झोप अजून पाळ्यांतच येते.

सुगंधा उरणला, लेकीच्या बाळंतपणाला.
फोनवर पहिलं विचारते, "वल्या तं नाय ना झाल्या?"
माझ्याबद्दल नाही. कळतं मला.

ओली कोंबडी फार लहान असते.
छप्पन्नाव्या वर्षी समजलं.
पिसं चिकटली की आत उरतं मूठभर हाड
आणि भलताच मोठा राग.
मिरीला टॉवेलने पुसलं, बनियनच्या आत घेतलं.
तिचं काळीज माझ्या पोटावर
शिलाई मशीनसारखं धडधडलं,
मग कुणी पायडलवरून पाय काढावा
तसं हळू झालं.

गटारीतून वाचल्यात या.
मेहुणा आला होता, डोळ्यांनीच वजन करत;
सुगंधाने कोयता पिठाच्या डब्यात लपवला
आणि त्याला बोंबलांवर भागवलं.
आता श्रावण. महिनाभर सरकारी नोकरी यांना,
कुणी हात लावणार नाही, हजेरी तेवढी लावायची.

खिशात तांदळाची कणी होती, दमट झालेली.
"या, या," म्हणालो.
चौघींनी मान वाकडी करून
एकेका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं,
बँकेत सही जुळत नाही तेव्हा पाहतात तसं.
मग आठवलं.
जीभ टाळूला लावली,
कुणी ऐकत नाही ना बघितलं,
आणि तिचा आवाज काढला:
तीऽ तीऽ तीऽ, यं गो बाय, यं.

वरच्या मजल्यावरची प्रणोती, ऐरोलीत रात्रपाळी करणारी,
कठड्यावरून वाकून म्हणाली, "काकी आल्या?"
मी काही बोललो नाही.
कोंबड्या आल्या होत्या.
तळहातावर, जिथे भट्टीने जाळलंय आणि काही लागत नाही,
तिथे लंगडीने दोनदा टोचलं.
लागलं असं वाटलं. नक्की सांगता येत नाही.

तीन-दहाला पाणी थांबलं.
उतरलं नाही, थांबलं, दुसऱ्या पायरीच्या काठाला,
त्यावर कुणाचा तरी टूथब्रश आणि कडुलिंबाची पानं.
बिननावाची उठली, माझ्या मांडीवरून
मी पायरीच असल्यासारखी चढून गेली,
वर ठेवलेल्या हेल्मेटात बसली,
माझ्याकडे पाठ करून.
मीही तिकडे बघितलं नाही. बराच वेळ
आम्ही सगळे पावसाकडेच बघत होतो.

अंडं हातात घेतलं तर गरम होतं.
या दिवसांत घरात कुणी खात नाही.
परत हेल्मेटात ठेवलं.

फोन वाजला.
"वल्या तं नाय ना झाल्या?"
"थोड्या," म्हणालो. "मीपण."
पलीकडे बाळ रडत होतं, कुकरची शिट्टी,
आणि तिचं गप्प राहणं,
जे मला भट्टीच्या आवाजात कधी ऐकू आलं नसेल.
मग ती म्हणाली,
"पुसल्या कशाने? कंचा टावेल घेतला?"

मी टॉवेलकडे पाहिलं.
निळा. काठाला अजून किमतीची चिठ्ठी.