अरबीत प नाही

फायलीत सगळ्यात वर लग्नाचा दाखला.
कणकवलीचा गोल शिक्का,
त्यावर मुंबईचा, मग दिल्लीचा, मग इथला,
आणि पाठीमागे टाचलेला अरबी तर्जुमा.
अरबीत प नाही,
म्हणून पद्मजा पेडणेकर
बद्मजा बेडणेकर झाली.
टायपिंग सेंटरमधला पोरगा म्हणाला, चालेल ना?
चालेल म्हटलं.
अकरा वर्षांत बरंच चालवून घेतलंय आम्ही.

मी हमरिया बंदरात मासळीच्या गोदामाचे कॉम्प्रेसर बघतो.
सुरमई उणे अठरावर, कोळंबी उणे बावीसवर.
दोन अंश चढले की भोंगा वाजतो
आणि भर जुलैत कानटोपी घालून मी आत शिरतो.
थंडी हा माझा धंदा.

घरच्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं ठेवली
ती नेमकी अंड्यांच्या कप्प्यात.
पहिल्या दिवशी हसलो होतो दोघं.
रात्री साडेनऊला ती पोटाची चिमूट धरायची,
मी गॅस भरताना ठेवतो तसा
आकड्यावर डोळा ठेवून सुई टोचायचो.
आज डावीकडे, म्हणायची,
उजवीकडे जागा नाही उरली.

मग लॅबमधून मारिसेलचे फोन.
नऊ मिळाली.
दुसऱ्या दिवशी, सहा.
तिसऱ्या दिवशी फोनच नाही,
मी दोनदा मोबाईल बंद करून चालू केला.
पाचव्या दिवशी, तीन.
एक आत ठेवला. दोन गोठवले.

परत येताना शारजातला एकेक गतिरोधक
मी काठोकाठ भरलेली कळशी घेतल्यासारखा ओलांडला.
मागून हॉर्न.
वाजव बाबा.

चौदाव्या दिवशी ती बाथरूममधून आली,
काही बोलली नाही,
तांदूळ धुवायला घेतले.
तीन वाट्या.
जेवणारे आम्ही दोघंच.

उरले ते दोन
उणे एकशे शहाण्णववर आहेत.
मी विचारलं, भोंगा आहे का?
रात्री वाजला तर उठतं कोण?
मारिसेलने काचेतून टाकी दाखवली,
दुधाच्या कॅनएवढी, झाकणाखालून वाफ सांडणारी.
वहीत नाव होतं, ब. बेडणेकर.
म्हटलं, हे चुकलंय.
ती म्हणाली, नंबर बरोबर आहे, सर.

वर्षाचं भाडं भरायचा मेसेज आला.
जेवता जेवता भरलं,
पद्मजाने पावती मागितली, फायलीत लावली,
दाखल्याच्या खाली.

शुक्रवारी आईचा फोन.
गरम होता काय रे थंय?
होता गे, म्हणतो.
बाकी काय?
बाकी काय नाय.

काम संपलं तरी हल्ली
मी गोदामात थोडा थांबतो,
कानटोपी काढून,
दिवा बंद करून,
किती वेळ राहता येतं
ते बघत.