हॉल दहाला बंद होतो

पिंगपाँगच्या दोन टेबलांवर हिरवं फेल्ट,
फेल्टवर आमचं ग्रोनिंगन, एप्रिल पंचेचाळीस.
कालवा निळ्या टेपचा, घरं काड्यापेट्यांची,
आणि खेर्लोफचे कॅनडावाले, करंगळीच्या पेराएवढे,
तीन केसांच्या कुंचल्यानं रंगवलेले.
डोळे तो काढत नाही.
"हातभर अंतरावरून दिसतात कुणाचे?"

मी किल्लीवाली. कॉफी ठेवते, रणगाड्यांपासून लांब,
कारण मागच्या गुरुवारी अख्खी तुकडी
दुधाच्या ओघळात अडकली
आणि त्यार्ड म्हणाला, पूर आलाय, एक डाव थांबा.

आज त्यार्डचा फासा गडगडत
पुलाशी जाऊन टेकला. सहा.
सहा म्हणजे घर पेटतं.
कुठलं, ते यादीत आधीच लिहिलेलं:
घाटावरचं चौदा नंबर.
खेर्लोफ तिथेच जन्मला, चार वर्षांनी,
नव्या विटांत.

"परत टाकू का?" त्यार्डनं विचारलं.
"नियम आहे."
खेर्लोफनं खिशातून कापूस काढला,
घरूनच काळा करून आणलेला,
आणि छपरावर नीट बसवला,
वारा पश्चिमेचा होता म्हणून थोडा तिरका.

मेलेले बिस्किटांच्या डब्यात गेले,
पुढच्या गुरुवारपर्यंत.

झाडताना रेडिएटरखाली एक सापडली.
शिपाई नव्हे. बादली घेतलेली बाई,
एप्रनवर न वाळलेला पांढरा रंग.
दिव्याखाली धरली.
हिला डोळे होते.

खेर्लोफला आत्ताच फोन करावा का?
दहा वाजून गेलेत.